थेरपीच्या आधी ऑक्सिटोसिनचा फवारा मारला तर रडू येईल का?

कोरडी_विहीर

नमस्कार. प्रश्न थोडा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

वय ४३, ठाण्यात राहते. आई जाऊन पावणेदोन वर्षं झाली. त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स, दाखला, गुरुजी, नंतर तेराव्याचा स्वयंपाक, सगळं मीच केलं. रडले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. धाकटा भाऊ ओक्साबोक्शी रडत होता आणि मी त्याला पाण्याचा तांब्या देत होते. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचं काळीज दगडाचं, आईवर गेलीय." असेलही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं आम्हाला कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. दर रविवारी नखं कापून द्यायची, तेवढाच काय तो तिच्या हाताचा स्पर्श, आणि तोही "हं, दुसरा हात" असा.

आठ महिने झाले, दर गुरुवारी समुपदेशनाला जाते. मॅडम चांगल्या आहेत. त्या समोर एक रिकामी खुर्ची ठेवतात आणि म्हणतात, इथे आई बसलीय असं समजा आणि तिला काय सांगायचं राहिलं ते सांगा. मला खुर्चीकडे बघून हसू येतं. लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली निळी प्लास्टिकची खुर्ची. आई असल्या खुर्चीत टेकलीसुद्धा नसती. ५० मिनिटं, दीड हजार रुपये, आणि मी तोंडल्याच्या भावावर बोलून घरी येते.

आता मुद्दा. माझे दीर अमेरिकेत असतात. त्यांनी नाकात मारायच्या एका फवाऱ्याची लिंक पाठवली. ऑक्सिटोसिन, 'लव्ह हॉर्मोन'. थेरपीच्या अर्धा तास आधी घेतला की माणूस मोकळा होतो, समोरच्यावर विश्वास बसतो, असं तिथे लिहिलंय. दीर पुढच्या महिन्यात येताहेत, आणू का विचारताहेत. मॅडमना न सांगता एकदा मारून बघावा असं मनात आहे, कारण सांगितलं तर नकोच म्हणतील.

कुणी वापरलाय? खरंच काही होतं का?

सरळसोट

चहात दोन थेंब टाकून चालतं का? सासूबाईंसाठी विचारतोय.

जुनी_वही

@सरळसोट, नाही चालत. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते. सासूबाईंना चहाच पाजा, आलं घालून.

@कोरडी_विहीर, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १९ वर्षं हेच काम करते. तुमची थेरपिस्ट नाही, तेव्हा तुमच्याबद्दल निदानबिदान काही करणार नाही. पण या फवाऱ्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण एकेकाळी मी त्याच्या पार प्रेमात पडले होते.

२००५ च्या जूनमध्ये 'नेचर'मध्ये झुरिचच्या संशोधकांचा तो गाजलेला पेपर आला, पहिलं नाव कॉसफेल्ड. मी तेव्हा शिकत होते. सरांनी झेरॉक्स काढून वर्गात वाटली, माझी प्रत अजून आहे, पिवळ्या मार्करनं रंगवलेली. त्यातला खेळ असा. दोघं अनोळखी, दोघांकडे सारखेच १२ गुण, ज्यांचे शेवटी पैसे मिळणार. पहिल्यानं त्यातले काही दुसऱ्याला द्यायचे. दिलेले तिप्पट होऊन पोचतात. मग दुसऱ्यानं परत काही द्यायचं की सगळं खिशात घालायचं, ही त्याची मर्जी. हातउसने देताना आपल्याला जो प्रश्न पडतो तोच, फक्त प्रयोगशाळेत. ऑक्सिटोसिनचे २४ युनिट नाकात मारलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी १२ च्या १२ देऊन टाकले. खोटा फवारा मारलेल्या २९ पैकी फक्त ६ जणांनी.

आम्ही हुरळून गेलो. थेरपीत पहिले कित्येक महिने नुसता भरवसा बसण्यात जातात, आणि इथे भरवसा बाटलीत! मी तर एम.फिल.ला हाच विषय घ्यायला निघाले होते. गाइड म्हणाले, "फवारा कुठून आणणार, आणि एथिक्स कमिटीसमोर कोण उभं राहणार?" तेव्हा त्यांचा राग आला होता. आज त्यांना दुवा देते.

कारण पुढे काय झालं ते बघा. २०२० मध्ये तोच खेळ ६७७ जणांवर पुन्हा करून पाहिला. काय मोजणार, कसं मोजणार, ते आधीच नोंदवून ठेवलं होतं. विश्वास वाढलेला दिसला नाही. २०२१ मध्ये स्वमग्न मुलांवरचा मोठा अभ्यास आला, २९० मुलं, २४ आठवडे रोज फवारा. खोट्या फवाऱ्यापेक्षा फरक नाही. आईबापांनी त्यावर केवढी आस लावली होती ते मी माझ्याच ओपीडीत पाहिलंय.

बरं, पैशांचा खेळ वेगळा आणि थेरपी वेगळी, असं तुम्ही म्हणाल. थेरपीतही वापरून झालाय. २००९ मध्ये सिडनीच्या ग्वास्टेला यांनी चारचौघांत बोलायची भीती असलेल्या २५ जणांना भाषण करायच्या सरावाआधी तो दिला. आपण कसे दिसलो, कसे बोललो, याबद्दलचं त्यांचं स्वतःचं मत सुधारलं. पण मूळ भीती खोटा फवारा घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झाली नाही. म्हणजे आरशातलं रूप बरं दिसलं, ताप होता तिथेच. कोळ्यांची भीती असलेल्यांवर सॅन दिएगोत प्रयोग झाला, त्यात तर फवारा घेतलेले उलट मागे पडले. आठवड्यानं पाहिलं तरी, महिन्यानं पाहिलं तरी.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा अभ्यास मॅकडोनाल्ड यांचा, २०१३ चा, तोही सॅन दिएगोचाच. नैराश्य असलेले १७ पुरुष, ४० युनिट नाकात मारून थेट थेरपीच्या सेशनला बसवले. नुसत्या डोळ्यांचा फोटो बघून त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायची एक चाचणी असते, ती त्यांना जरा बरी जमली. पण सेशन चालू असताना त्यांची अस्वस्थता वाढली. कमी झाली नाही हो, वाढली. आता हे वाईटच असं मी म्हणत नाही. थेरपीत अस्वस्थता वाढते तेव्हा कधी कधी माणूस खऱ्या गोष्टीच्या जवळ आलेला असतो. पण ती का वाढली हे समोर बसलेल्या माणसाला ठाऊक हवं.

आणि आता तुम्ही आईबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. २०१० मध्ये जेनिफर बार्ट्झ यांनी निरोगी पुरुषांना फवारा देऊन विचारलं, लहानपणी तुमची आई कशी होती? ज्यांना नात्यांमध्ये फारशी धास्ती नव्हती, त्यांना आई अधिक मायाळू आठवली. आपल्याला कुणी सोडून जाईल का, आपण नकोसे तर नाही ना, अशी टोचणी ज्यांना कायम असते, त्यांना तीच आई कमी मायाळू आठवली. हॉर्मोन एकच, मात्रा एकच. पाऊस पडला की पेरलेलं उगवतं आणि तणही उगवतं, तसंच काहीसं. अभ्यास छोटा आहे, पुरुषांवरचा आहे, तुम्हाला तसंच होईल असं अजिबात नाही. पण "एकदा मारून बघते" म्हणण्याआधी हे तुमच्या कानावर असावं.

फवाऱ्यातलं औषध नाकातून मेंदूपर्यंत नेमकं किती पोचतं, यावरच संशोधकांचं अजून एकमत नाही. रक्तात ते काही मिनिटांत अर्ध्यावर येतं. आणि लिंकवरच्या बाटलीत खरंच ऑक्सिटोसिन आहे का, असलं तर किती, आणि दिरांच्या बॅगेत उन्हातान्हातून आल्यावर त्याचं काय उरणार? दवाखान्यात हे औषध फ्रिजमध्ये ठेवतात. शिवाय ते शरीरात पाणी धरून ठेवू शकतं, त्यानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. पोटात बाळ असेल तर विषयच संपला, या हॉर्मोनचं पहिलं काम गर्भाशय आवळणं हेच. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी मांजरीवर दाखवलं ते हेच, आणि नावाचा मूळ ग्रीक अर्थही 'झटपट बाळंतपण'. लव्हबिव्ह फार नंतरचं.

राहिलं मॅडमपासून लपवणं. समजा, फवारा मारून गेलात आणि रडलात. त्यांना वाटणार खुर्चीनं काम केलं, पुढच्या गुरुवारी त्या तसंच पुढे नेणार, आणि तुमच्या मनात मात्र, हे माझं रडू की बाटलीचं? समजा नाही रडलात, नुसती छाती धडधडली. त्या कारण शोधत बसणार भलतीकडेच. दोन्हीकडून तुम्ही एकट्या.

गोठ्यावरचा_डॉक्टर

ताई, मी माणसांचा डॉक्टर नाही. फलटणच्या बाजूला गाई-म्हशी बघतो. पण ऑक्सिटोसिन म्हटल्यावर राहवेना, कारण आमच्याकडे या औषधानं जे केलंय ते शहरात कुणाला दिसत नाही.

तुम्ही ज्याला लव्ह हॉर्मोन म्हणता त्याला आपल्याकडे पहिल्यापासून शब्द आहे, पान्हा. वासरू लुचायला लागलं, किंवा ओळखीच्या हातानं कास धुऊन सड चोळले, की मेंदूतून हे हॉर्मोन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा येतो. आला की पाच-सात मिनिटांत धार काढून मोकळं व्हायचं, नंतर ते रक्तात टिकत नाही. वरच्या मॅडमनी लिहिलंय तेच. म्हैस त्यातल्या त्यात हट्टी, तिला वेळ लागतो. आणि नवीन माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, मालकानं काठी उगारली, की जनावर पान्हा चोरतं. दूध कासेत असतं, खाली उतरत नाही. भीतीनं अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ते पान्ह्याला आडवं येतं.

मग लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे सुई. वासरू मेलं, मार सुई. घाई आहे, मार सुई. दूध उतरतं, खोटं कशाला बोलू. पण रोजची सवय लागली की ती गाय सुईशिवाय पान्हा सोडेनाशी होते. सुई बंद केली की कास भरलेली आणि धार अर्धी. अशा गाई मी डझनांनी बघितल्यात. त्यांना पुन्हा वासरावर, हातावर आणायला आठवडेच्या आठवडे जातात आणि मालकाला तेवढा दम नसतो.

हा गैरवापर इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्रानं खासगी कंपन्यांना हे औषध देशात विकण्यासाठी बनवायलाच बंदी घातली, एकट्या सरकारी कंपनीनं बनवायचं असं ठरवलं. मग बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला लागणाऱ्या औषधाचा तुटवडा पडेल म्हणून ओरड झाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात ती बंदी रद्द केली. बरोबरच केलं. गोठ्यात चोरून येणारी बिनलेबलची बाटली बंदीनं थांबत नाही.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या इथे एका घरी म्हातारी आजी म्हशीची धार काढायची. आजी गेली. म्हैस सुनेला पान्हा देईना. मला बोलावलं, सुई द्या म्हणून. मी म्हटलं दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी सुनेनं सासूचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, आजी बसायची त्याच डाव्या बाजूला बसली, पेंडीची पाटी पुढे सरकवली. तासभर लागला. पण धार सुरू झाली. मी फीसुद्धा घेतली नाही, केलंच काय होतं.

पंधरावा_मजला

विषय थोडा बाजूचा. मला उंचीची भीती आहे (नावात दिसतंच आहे, घर घेताना बायकोनं ऐकलं नाही). ऑक्सिटोसिन नाही, पण थेरपीआधी कॉर्टिसोलची गोळी देतात असं वाचलं. ते तर ताणाचं हॉर्मोन ना? भित्र्या माणसाला आणखी ताण?

जुनी_वही

@पंधरावा_मजला, चांगला प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला हा मार्ग फवाऱ्यापेक्षा जास्त पटतो. बाझेलचे डॉमिनिक द क्वेर्व्हेन आणि मंडळींनी २०११ मध्ये उंचीची भीती असलेल्या ४० जणांवर हे केलं. तीन सेशन, प्रत्येक सेशनच्या तासभर आधी २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल किंवा खोटी गोळी, आणि मग डोळ्यांवर गॉगल चढवून आभासी उंचीवर न्यायचं. कॉर्टिसोल घेतलेल्यांची भीती जास्त उतरली आणि महिन्यानंतरही तो फरक टिकला.

ताणाचं हॉर्मोन खरं, पण त्याचं आठवणींशी नातं मजेशीर आहे. अंगात वाढलेलं असताना जुनी आठवण वर यायला अडखळते, आणि त्या वेळी नवं शिकलेलं मात्र घट्ट बसतं. परीक्षेत आयत्या वेळी पाठ केलेलं आठवत नाही, पण ती फजिती जन्मभर आठवते, तसं. म्हणजे कठड्याशी उभं असताना जुनी भीती जरा मंद, आणि "उभा राहिलो, पडलो नाही" हे पक्कं. लक्षात घ्या, यातली गोळी मोकळं करत नाही, रडवत नाही. ती शिकण्याला टेकू देते, आणि शिकायचं तर माणसालाच असतं. सेशन वाईट गेलं तर तेही पक्कं बसेल का, ही मला वाटणारी धास्ती. आणि हे स्टिरॉइड आहे, मधुमेह, अल्सर, संसर्ग असं काही असेल तर भलतंच होईल. मेडिकलमधून स्वतः आणून घ्यायची गोष्ट नव्हे. तोवर बाल्कनीत रोज दोन मिनिटं, आणि बायकोला सोबत घ्या, घर तिनं निवडलंय.

@गोठ्यावरचा_डॉक्टर, तुमचा 'पान्हा चोरतं' हा शब्द मी उद्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. वर्षानुवर्षं 'रेझिस्टन्स' शिकवते, पेशंट मुद्दाम काही दाबून ठेवतोय असा त्याचा वास येतो. कास भरलेली आहे आणि माणूस अजून ओळखीचा झालेला नाही, इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

सरळसोट

म्हणजे आठ महिने दीड हजार देऊन अनोळखीच? म्हैस तीन दिवसांत मानली.

गोठ्यावरचा_डॉक्टर

लुगडं होतं भाऊ.

कोरडी_विहीर

सगळ्यांचे आभार. जुनी_वही ताई, तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. ते बार्ट्झचं वाचल्यावर फोन पालथा ठेवून भांडी घासायला गेले. आईची आठवण आहे तीच इतकी थोडी, तीही फवाऱ्यानं कडू निघाली तर काय घ्या.

काल गुरुवार होता. मॅडमना सांगून टाकलं, लिंकसकट. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "फवारा मारून नक्की काय बाहेर यावं असं वाटत होतं?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी म्हटलं, मला या खुर्चीचं हसू येतं, आई असल्या खुर्चीत बसली नसती. आठ महिन्यांत हे मी पहिल्यांदा बोलले. त्यांनी उठून खुर्ची पॅसेजमध्ये नेऊन ठेवली आणि विचारलं, "मग त्या कुठे बसायच्या?"

जमिनीवर बसायची. ओट्याला पाठ लावून, एक पाय लांब करून. रविवारचा पेपर पसरायची आणि त्यावर आमचे हात. पन्नास मिनिटं मी नखांवरच बोलले. तिच्या स्वतःच्या नखांत खडू असायचा, हे मी पार विसरले होते. आमची नखं कापून झाली की ती पेपरची पुडी बांधायची आणि स्वतःची कापायची नाही, म्हणायची, "उद्या शाळा आहे, परत भरणारच." आणि नखं कापताना ती माझं मनगट फार घट्ट धरायची. मला वाटायचं, हलू नये म्हणून. मॅडमनी विचारलं, "तुम्ही हलायचात का?" मी कधीच हलायची नाही. हलायचा तो भाऊ, त्याला तिनं कधी एवढं घट्ट धरलं नाही.

रडले का? नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि वेळ संपली. पण तोंडल्याचा विषय निघाला नाही.

खुर्ची पॅसेजमध्येच आहे. पुढच्या वेळी चटई घेऊन या म्हणाल्यात.

दिरांना कळवलं, फवारा नको, त्याऐवजी मुलीसाठी पळायचे बूट आणा, सात नंबर.